लांब शब्दाचा निकाल

डोंगरकड्याजवळच्या आमच्या वस्तीत चार घरची मेंढरं एकाच कळपात चरतात, म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर मालकाच्या नावाचं इंग्रजी अक्षर रंगवलेलं असतं. त्यावरून मी न् माझी नणंद कावेरी रोज डाव मांडतो. संध्याकाळी मेंढवाड्यात पहिली जी तीन मेंढरं शिरतील, त्यांची अक्षरं असलेला लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायचा. हरली तिनं चहा करायचा. निकाल माझे सासरे नामाजी, म्हणजे आमचे मामा, देतात. त्यांना इंग्रजी येत न्हाई. बोलायला जास्त दम लागला तो शब्द लांब, असा त्यांचा हिशोब.

काल एन, ए आणि टी आली. कावेरी म्हणाली, "प्लांट."

मी दणक्यात म्हणाले, "इंटरनॅशनल!"

मामांनी घोंगडी झटकली. "कावेरी जिंकली."

माझं डोकंच फिरलं. "मामा, रोज मलाच काहून हरवून राहिले तुमी? माझा शब्द संपता संपत न्हाई!"

कावेरी आत गेली तसे मामा माझ्याकडं वळले.

"हळू बोल, बाई. तिच्या हातचा चहा पिऊन पाह्यलास का कधी?"

मी आधण ठेवलं, आणि आलं जरा जास्तच ठेचलं.