झालाताच्या घरातली हवा

माझ्या बायकोने मला घराबाहेर काढलं. बायको म्हणजे झालाता, पहिली. चूक माझीच, असं अख्खं गाव सांगतं. गावाचं काय जातंय सांगायला?

मी मोठं लग्न केलं, एवढंच. या बेटावर मोठं लग्न केल्याशिवाय पुरुषाला चौकात पुढच्या बाकावर बसू देत नाहीत, पन्नाशीचा घोडा झाला तरी पोरांतच धरतात. झालाताशी झालं होतं ते छोटं, चार माणसांतलं. मोठं मी शेजारच्या गावातल्या एशाताशी केलं आणि नऊ दिवस जेवणावळी घातल्या. सगळे करतात, माझ्या बापानेही केलं. आता दहा वर्षं मी झालाताला 'पुढच्या वर्षी तुझ्याशीच' असं म्हणत होतो, हे खरं आहे. माणूस बोलतो.

दहाव्या दिवशी घरी आलो तर माझे कपडे, चपला, नमाजाची टोपी, सगळं काळ्या खडकांवर पडलेलं. दारात झालाता आणि तिचा मामा, म्हातारा उस्सेनी.

"आणि डायव्हिंगचं सेंटर?" मी विचारलं.

"घर माझ्या आईचं, आता माझं." पंचवीस वर्षं अहो-जाहो करणारी बाई, त्या दिवशी सरळ अरे-तुरेवर आली. "कुठे मांडायचं ते तू बघ."

"पाटीवर नाव कुणाचं आहे? बाकारी डायव्हिंग. वाचता येतं ना?"

"पाटी ने की."

निवाडा मामाने केला. आमच्याकडे घर बाईचं आणि शब्द मामाचा, तिथे माझं कोण ऐकणार? "जे उचलून नेता येतं ते बाकारीचं," म्हातारा म्हणाला. "जे घराला धरून आहे ते घराचं." म्हणजे बोट माझी, रबरी सूट माझे, बारा टाक्या माझ्या. आणि टाक्यांत हवा भरायचा कॉम्प्रेसर? तो फार हादरतो म्हणून मी स्वतः, या हातांनी, मागच्या खोलीत बोल्ट ठोकून वर वीतभर सिमेंट ओतलं होतं. मामाने वाकून ते सिमेंट नखाने खरवडून पाहिलं आणि दाढीतल्या दाढीत हसला.

"ठेव तुलाच, घाल लोणचं," मी तिला म्हणालो. "माणसांना खाली नेऊन वर आणणारा मी आहे. तू काय, बटण दाबणारी."

"बरं," ती म्हणाली.

त्या 'बरं'ने माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी फ्रान्सहून चौघं येणार होते. मादाम ओडिल त्यांची म्होरकी. दरवर्षी येते, लाव्हाच्या कड्याखाली बुड्या मारते आणि पुढे वर्षभर माणसं धाडते. ती हातची गेली की सेंटर बुडालं, आणि सेंटर नसलेला जावई एशाताच्या माहेरी किती दिवस गोड लागणार? एशाताचा भाऊ नासुफ म्हणाला, "दाजी, काळजी कशाला?" त्याची इलांगच्या फुलांचं अत्तर काढायची भट्टी आहे. कुठल्याशा बंदरावरून त्याने पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर मागून आणला आणि शनिवारी दुपारी भट्टीशेजारच्या सावलीत मांडला.

"हवा ओढायची नळी कुठे ठेवू?" त्याने मला विचारलं.

"ठेव कुठेही. हवा ती हवा."

झालाताचं मात्र अशा नळीवरून सारखं काहीतरी चालायचंच. सकाळी डोंगराकडे तोंड करून ठेवायची, दुपारी वारा फिरला की छपरावर चढून समुद्राकडे वळवायची. मी खालून हसायचो. म्हणायचो, अगं, पाळण्यातलं पोर आहे का ते?

रविवारी सकाळी पाहुणे सूट चढवून वाळूवर उभे. टाक्या बोटीत. तेवढ्यात झालाता खडक उतरून आली. कुणाकडे न बघता सरळ बोटीत चढली, पहिल्या टाकीचा कॉक जरासा उघडला, नाक लावलं, आणि मग पुरता उघडून टाकला. फुस्स करून हवा चालली. मग दुसरी. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"माझं वाटोळं करायला आलीस?"

"हात सोड. भट्टीशेजारी काल काय धडधडत होतं ते अर्ध्या गावाने सांगितलं मला." तिने तिसरी टाकी माझ्या तोंडासमोर धरली. "हुंग."

हुंगलं. लाकडाचा धूर, आणि त्यामागे नासुफच्या सदऱ्याला येतो तो फुलांचा दाट गोड वास.

"धूर निदान नाकाला कळतो," ती हळू म्हणाली. "त्याच्यासोबत जो विषारी वायू येतो तो कळत नाही. खाली माणूस झोपल्यासारखा जातो. चार जण, बाकारी. आणि पाचवा तू."

मादाम ओडिलला आमची भाषा येत नाही, पण डोळे आहेत. तिने विचारलं, "बाकारी, या हवेत काही आहे का?"

काही नाही, बायको जळते माझ्यावर, दुसरं लग्न केलं ना. हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ओडिल हसली असती आणि बोटीत बसली असती. झालाताला फ्रेंच समजतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"हवा खराब आहे," मी म्हणालो. "चूक माझी."

मग टाक्या एकेक करून खांद्यावरून खडक चढून वर नेल्या. गाव बघत होतं. पुढच्या बाकावरची माणसंही बघत होती. दाराशी पोचलो तर मामाने काठी आडवी धरली, "आत नाही. ओट्यावर ठेव."

दोन तास ओट्यावर बसलो. पाहुण्यांना आत चहा मिळाला, मला पाणीसुद्धा नाही. झालाताने टाक्या मोकळ्या करून धुतल्या, छपरावर चढून नळी फिरवली आणि पाच टाक्या भरल्या. पाचवी भरली तेव्हा मला वाटलं, निवळली.

"झालाता, मग उद्यापासून मी..."

"उद्यापासून पाहुण्यांना हवा मिळेल. त्यांच्यासोबत उतरायचं असेल तर तुलाही. घर मात्र नाही." पाचवी टाकी तिने ओट्यावर सरकवली. "आणि पाटी अजून नेली नाहीस."

कड्याखाली वीस मीटरवर पोचलो. ओडिल पुढे, मी मागे. हवा स्वच्छ होती, तिला कसलाही वास नव्हता. पंचवीस वर्षं मी हीच हवा ओढत होतो आणि ती माझीच आहे असं समजत होतो. झालाताला एक सणसणीत शिवी हासडावी असं फार वाटलं. पण तोंडातली नळी काढता येत नव्हती.