कंपासपेटीतली माती

"सर, तुमचे कान असे चुरगाळल्यासारखे का दिसतात?"

प्रज्ञानं विचारलं खरं, पण पाय जागीच रोवले गेले. मागं नळाजवळ सविता आणि बाकीच्या मैत्रिणी ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. पैज त्यांचीच होती. जामखेडच्या त्या शाळेत वैजनाथ सरांपुढं दहावीतली दांडगी पोरंसुद्धा मान वर करत नसत. हेडमास्तरांच्या कपाटात कुस्तीच्या ढाली मावत नव्हत्या, आणि त्या सगळ्या सरांच्याच तालमीतल्या पोरांनी आणलेल्या.

सरांनी कान चाचपला. "कुस्त्या खेळून खेळून मोडलेत. इतक्या वर्षांत एकाबी पोराची छाती झाली न्हाई इचारायची." मग तिच्याकडं नीट बघत म्हणाले, "नगरला यंदा पोरींचीबी निवड हाय. घे." आणि खिशात जपलेली आखाड्यातली चिमूटभर तांबडी माती त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.

प्रज्ञाला वाटलं, शाबासकीच मिळाली. तिनं ऐटीत पुडी बांधून ती कंपासपेटीत टाकली.

"घेतलीस तू?" सविताचं हसू पळालं. तिचा भाऊ बन्सी सरांच्याच हाताखाली तयार झालेला. "अगं बये, माती घेतली म्हंजी कुस्ती कबूल केली. आता न्हाई गेलीस, तर न लढताच चीत."

तेव्हापासून प्रज्ञाला घास गोड लागेना. भूमितीच्या तासाला पेटी उघडली की पुडीतून सांडलेली माती बोटांना लागायची. सातवी पास झाल्यावर दादांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, हौसेनं तिच्या कानांत सोन्याच्या रिंगा घातल्या होत्या. आई आल्यागेल्याला त्या दाखवायची. आता या कानांचं काय होणार?

शाळेत कुजबुज सुरू झाली. व्हरांड्यात सूर्यभान मास्तर सरांना म्हणाले, "वैजनाथराव, पोरगी मातीत उतरवली तर लोक आपली पोरं काढून नेतील. सगळी कमाई घालवाल." खांबाआड उभ्या प्रज्ञानं ते ऐकलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती माती परत करायला निघाली. 'सर, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई,' हे वाक्य तिनं वाटभर घोकलं.

एरवी जोर-बैठकांनी घुमणारा आखाडा गप्प होता. दोन-चार पोरं भिंतीला टेकून बसलेली. बाकीच्यांना घरच्यांनी धाडलंच नव्हतं. सर एकटेच फावड्यानं माती उकरत होते, मधेच वाकून खडे वेचून बाहेर टाकत होते.

"आलीस? ह्यो कोपरा मऊ केलाय. पहिल्यांदा पडशील ती हितंच पड."

"सर, पोरं..."

"येतील."

"आणि मी न्हाई आले तर?"

सरांनी कपाळावरचा घाम पुसला. "तर हितं वांगी लावीन. माती लई झ्याक झालीय."

भिंतीजवळचं कुणीच हसलं नाही. सरही हसले नाहीत. पुन्हा वाकून खडे वेचू लागले. प्रज्ञाच्या हातातली पुडी तशीच पेटीत परत गेली.

घरी आई भाकरी थापत होती. दादा सायकलची चेन बसवत होते. प्रज्ञानं रिंगा काढल्या आणि आईच्या पिठाळ तळहातावर ठेवल्या.

"काय झालं गं? कान दुखतोय का?"

"न्हाई. ह्या जपून ठेव." तिनं दादांकडंही वळून बघितलं. "आई, दादा, मी कुस्ती खेळणार हाय. सरांच्या हातची माती घेतलीय. आता मला न्हाई म्हणता येत न्हाई, आणि आलं तरी मी म्हणायची न्हाई."