दर्शनी भिंतीवरचे जलरंगचित्र

मित्रांनो, नीट बसा आणि ऐका. मी एक जुने जलरंगचित्र आहे. वयाने तुमच्या पणजोबांहून मोठे आहे, तेव्हा मधे बोलू नये.

वारा पडला आणि एका परदेशी चित्रकाराची नाव नाईलकाठच्या नूबिया प्रदेशातल्या एका गावाशी अडकली, म्हणून माझा जन्म झाला. कागद ओला करून त्याने नाईलची निळाई एका दमात ओघळू दिली. पलीकडे पिवळे वाळवंट, अलीकडे खजुरीची झाडे, एक उंट आणि इवलीशी माणसे. त्याला जेवू घालणाऱ्या दहिबांना त्याने मला भेट दिले.

दहिबा नवऱ्याला म्हणाल्या, "हा उंट कुणाचा? गावात तर एकही नाही. आणि आपण माणसं मुंगीएवढी. ठेवा पेटीत, चारा तुम्हीच घाला."

पेटीतल्या अंधाराने माझे रंग जपले. पुढे मोठे धरण झाले, गाव बुडाले. दहिबांची नात शाया मला छातीशी धरून नदीपासून दूर, माळावरच्या सरकारी वसाहतीत आल्या. तिथे जन्मलेल्या त्यांच्या नातीने, नबराने, नदी पाहिलीच नव्हती. तिला दाखवण्यासाठी आता मीच उरले होते.

आमच्याकडे घराच्या दर्शनी भिंतीत चिनी मातीच्या ताटल्या बसवतात. शायांनी मला बरोबर त्यांच्या मधोमध लावण्याचा हुकूम सोडला.

"आई, उन्हानं रंग उडेल," सून म्हणाली.

"ताटल्यांचा उडतो का? दारी आलेल्याला आधी आपली नदी दिसली पाहिजे."

येणारेजाणारे थांबून पाहत, आणि मी मिरवले. परंतु माझा निळा रंग सर्वांत नाजूक. काही उन्हाळ्यांत तोच आधी गेला. उंट मात्र ठणठणीत राहिला.

एके सकाळी नबराने विचारले, "आजी, यात नदी कुठं आहे?"

शायांनी माझ्याजवळ येऊन निरखून पाहिले. मग सुनेला म्हणाल्या, "काढ ही नदी खाली. आत ने, सावलीत."

नातीला शेजारी बसवून त्यांनी माझ्या पांढुरक्या पट्ट्यावर बोट टेकवले. "इथं. माझी आई इथं भांडी घासायची. मी पोहायला पळायचे आणि मार खायचे."

"किती खोल?"

"इथं गुडघ्याएवढं. पुढं ओढ आहे, जायचं नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तूला मान जरूर द्या, पण तो सावलीत द्या. आणि ज्यांनी नदी पाहिली आहे, त्यांच्याजवळ वेळेवर बसा. नबरा अजूनही माझ्यावरून बोट फिरवते, आणि गुडघाभर पाण्याच्या पुढे जात नाही.