नागसेनचे लांब हात आणि माझ्यावरची तारीख

सोमवार, दहा फेब्रुवारी. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी शिरोलीजवळच्या एका फौंड्रीच्या ऑफिसात नोकरभरती बघणाऱ्या रूपालीताईंनी मला हातात घेतलं, माझी चौथी ओळ वाचली आणि समोरच्या माणसाला परत दिलं.

"काका, पंचेचाळीस पूर्ण झालेल्यांना घेत नाहीत. तुमची झाली."

मित्रांनो, मी शाळा सोडल्याचा एक जुना दाखला आहे. मुरगूडजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात, १९९५ च्या जूनमध्ये मला लिहिलं गेलं. शाई निळी, शिक्का जांभळा. माझ्या चौथ्या ओळीत जन्मतारीख आहे: १ जून १९७९. ज्याच्याकडे मला परत दिलं तो नागसेन कांबळे. त्याच्यासाठीच मला लिहिलं होतं.

ती तारीख चुकीची आहे.

ती कशी आली हे मी नागसेनच्या आईकडून, बायडाबाईंकडून ऐकलं आहे. १९८५ च्या जूनमध्ये त्या पोराला घेऊन मराठी शाळेत गेल्या. जन्माचा कागद कोणाकडेच नसायचा. गुरुजींकडे वय ओळखायची एक पद्धत होती. पोराचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा. बोटं डाव्या कानाला लागली तर पोरगं सहा वर्षांचं. नाही लागली तर पुढच्या साली या. नागसेन तेव्हा सव्वापाच वर्षांचा होता, पण त्याचे हात लांब होते. बोटं कानाला लागली, वर त्यानं कान ओढूनही दाखवला. गुरुजींनी सहा वर्षं मागं जाऊन एक जून लिहिलं. त्या वर्षी आलेल्या बहुतेक पोरांचा जन्म त्यांनी एक जूनलाच लावला होता. हायस्कूलच्या कारकुनानं पुढं तीच तारीख माझ्यावर उतरवली.

खरं सांगायचं तर सुरुवातीला माझ्यावरची चूक नागसेनच्या उपयोगीच पडली. आयटीआयमधून तो मोल्डर होऊन बाहेर पडला तेव्हा सतरा वर्षांचा होता. कारखान्यात अठरा लागत. माझ्यावर अठरा पूर्ण होती. फौंड्रीच्या मालकानं मला बघून "छान, वय बसतंय" म्हटलं. माझं कौतुक झालं ते तेवढंच. मग मी पत्र्याच्या पेटीत गेलो आणि सत्तावीस वर्षं तिथंच राहिलो. मधे दोनदा झेरॉक्ससाठी बाहेर आलो. माझ्या घड्या झिजल्या. एका कोपऱ्यावर तेलाचा डाग पडला.

त्या सत्तावीस वर्षांत नागसेन वाळूचे साचे करत होता. अशा साच्यांत वितळलेलं लोखंड ओततात. गेल्या जुलैत त्याची फौंड्री बंद पडली. त्यानंतर सात महिने तो मिळेल त्या दिवशी मिळेल ते काम करत होता. त्याची मुलगी दीप्ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कमावणारा तो एकटाच.

शिरोलीच्या फौंड्रीला वाळू तपासणारा माणूस हवा होता. जागा एक. अर्ज मोबाईलवर भरायचा. रविवारी दीप्तीनं मला समोर ठेवून भरायला घेतला. जन्मसालाची यादी ती बोटानं खाली सरकवत गेली आणि १९८० ला थांबली.

"पप्पा, तुमचं सालच न्हाय ह्यात."

"नीट बघ की. खाली आसंल."

"खाली काय बी न्हाय. यादी संपली."

बायडाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "म्हंजी ह्यो जन्मालाच आला न्हाय म्हणायचं. आनि मी कुणासाठी कळा सोसल्या?"

म्हणून नागसेन सोमवारी मला घेऊन स्वतः गेला होता.

रूपालीताईंनी मला परत दिलं तरी तो लगेच निघाला नाही. मी पारदर्शक फाईलमध्ये होतो, त्यामुळं पुढचं मला दिसलं. शेडच्या दाराशी वाळूचा ढीग होता. नागसेननं एक मूठ घेतली, दाबली आणि तो गोळा दोन बोटांत धरून मधे मोडला. मोडलेली कड बघितली.

"ओ पावणं, काय करताय तिथं?" विभागप्रमुख धैर्यशील पाटील आतून आले. वय एकोणतीस.

"पाणी जास्त हाय ह्यात, सायेब. ह्या वाळूत वतलासा तर माल छिद्रं पडून निघंल."

"सकाळचा रिपोर्ट साडेतीन टक्के आहे. मशिनवर काढलाय."

"सकाळचा आसंल. आत्ताची वाळू आत्ता बघा की."

धैर्यशील साहेब हसले, पण त्यांनी नमुना लॅबमध्ये पाठवला. दहा मिनिटांनी चिठ्ठी आली: चार पूर्णांक दोन टक्के, म्हणजे पाणी खरंच जास्त. त्यांनी ओतकाम थांबवायला सांगितलं. मग नागसेनला घेऊन ते पुन्हा ऑफिसात आले.

"रूपाली, हा माणूस मला पाहिजे."

"सर, मलाही पाहिजे. पण सिस्टीम साल घेत नाही. ती पुण्याच्या हेड ऑफिसची आहे."

"पंचेचाळीसच का पण?"

"तरुण माणूस लवकर शिकतो, असं तिकडचं म्हणणं आहे."

"ह्यांना शिकायचंच काय राहिलंय?"

मलाही तेव्हापासून तोच प्रश्न पडला आहे. पंचेचाळीसाव्या वाढदिवशी माणसाच्या हाताला नेमकं काय होतं? आदल्या दिवशी वाळूतलं पाणी ओळखणारी बोटं दुसऱ्या दिवशी काय विसरतात?

नागसेननं तेव्हा गुरुजींची गोष्ट सांगितली. रूपालीताई म्हणाल्या, "मग खऱ्या तारखेचा कागद आणा. वीस तारखेपर्यंत मुदत आहे." मूळ दाखला म्हणून मला त्यांनी ट्रेमध्ये ठेवून घेतलं.

वीस फेब्रुवारीला, गुरुवारी, नागसेन बायडाबाईंना सोबत घेऊनच आला. गावाच्या ग्रामपंचायतीत जुन्या जन्मनोंदी सापडल्या होत्या. त्यातला उतारा त्यानं टेबलावर ठेवला. तारीख ३ एप्रिल १९८०. वडील जयसिंग कांबळे, आई बायडाबाई. नावाच्या रकान्यात फक्त 'मुलगा'. त्या काळी बारसं व्हायच्या आतच नोंद व्हायची, आणि नंतर नाव घालायला कोणी जायचं नाही.

रूपालीताईंनी उतारा दोनदा वाचला. "ह्यात नाव नाही, काका. मुलगा म्हणजे तुम्हीच, हे कशावरून?"

बायडाबाई खुर्चीतून पुढं सरकल्या. "आवं ताई, मला येकच पोरगं हाय. दुसरं आणू कुठनं?"

रूपालीताईंना हसू आवरलं नाही. "तसं नव्हे, आज्जी. कागदावर पाहिजे."

"मी काय कागदाशिवाय आलोय व्हय? त्येला मी जन्म दिलाय. मीच सांगतोय की तुमाला, चैताच्या उन्हात झाला म्हणून. हात तवाच लांब हुतं. सुईण म्हणली, ह्यो झाडावरचं आंबं खालनंच काढणार."

"आये, गप की," नागसेन म्हणाला.

"का गप? तुज्या हातानंच घोटाळा केलाय, मी न्हाय."

धैर्यशील साहेब दारात उभे होते. ते म्हणाले, "रूपाली, दोन्ही कागद एकत्र लाव. खाली मी लिहून देतो, ह्यांचं काम मी बघितलंय म्हणून."

असा मी त्या उताऱ्याला टाचला गेलो. माझ्यावर नागसेनचं नाव आहे आणि तारीख चुकीची. त्याच्यावर तारीख बरोबर आहे आणि नाव नाही. आम्हा दोघांचा फोटो त्याच दिवशी दुपारी पुण्याला गेला.

मित्रांनो, मी कागद आहे. जे लिहिलं तेच मी बोलतो, आणि ते चुकलेलं असलं तरी बदलू शकत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कोणाला तरी कामावर घ्याल. तेव्हा आम्हाला जरूर वाचा, पण आधी समोरच्या माणसाच्या हातात काम देऊन बघा. आणि एक मोजणी तुम्हीच करा. नागसेनची खरी तारीख मान्य झाली, तरी तीन एप्रिलला तो पंचेचाळीस पूर्ण करेल. म्हणजे एका कागदानं तो जवळजवळ नऊ महिन्यांपूर्वीच म्हातारा झाला आणि दुसऱ्यानं तो पाच आठवड्यांनी होणार आहे. वाळू मात्र तो दोन्ही हिशेबांनी सारखीच ओळखतो.

गेल्या आठ दिवसांत धैर्यशील साहेबांनी ऑफिसात तीनदा येऊन विचारलं. नागसेनचा फोन रोज दुपारी येतो. "ताई, काय कळलं का?" एवढंच तो विचारतो.

आज शुक्रवार, अठ्ठावीस फेब्रुवारी. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी रूपालीताईंनी मेल उघडली. पुण्याचं उत्तर आलेलं नाही. त्यांनी नागसेनचा अर्ज बंद केला नाही, कॉम्प्युटर बंद केला आणि आम्हा दोघांना ट्रेमध्ये सगळ्यांत वर ठेवलं.