तळच्या खणामागचं पान

सोमवार, १७ एप्रिल २००६, सकाळी साडेसहा. व्हर्जिनियातल्या हर्नडन गावी त्र्यंबककाकांनी मला घराबाहेर आणलं आणि रस्त्याच्या कडेला ठेवलं. अंगावर कागद चिकटवला: ‘फ्री’.

मित्रांनो, मी एक जुनं, चार खणांचं लोखंडी कपाट आहे. माझ्या तळच्या खणामागे एक पान अडकलं आहे. काकांना हे सांगायला मला तोंड नाही, म्हणून निदान तुम्ही ऐका.

माझी बावीस वर्षं एका सरकारी आरोग्य कार्यालयात गेली. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांच्या नोंदी, पिवळ्या कागदांवरच्या, माझ्यात असत. त्या सांभाळणाऱ्या लोरेटाबाई माझी किल्ली गळ्यात घालत. समोरचा माणूस रडवेला होऊन विचारी, “हे कुणाला कळणार नाही ना?” बाई खण लोटत आणि कुलूप लावून दाखवत. मग तो आणखी कुणाला लागण झाली असेल त्यांची नावं सांगे. त्यांच्यावरही वेळेत उपचार होत. तिथले डॉक्टर म्हणत, “अर्धं औषध या कुलुपात आहे.” मला अभिमान वाटे.

पुढे नोंदी संगणकावर गेल्या. बाई निवृत्त झाल्या. मला रिकामं करणाऱ्यांनी तळचा खण पुरता बाहेर काढलाच नाही. तो अडकत असे. गेल्या वर्षी कार्यालयाने जुनं सामान विकलं, तेव्हा काकांनी मला मराठी मंडळासाठी घरी आणलं. माझ्यात सभासदांचे फॉर्म आले. तेही पिवळेच.

परवा शनिवारी काका फॉर्म लावत होते. त्यांनी जोर लावून तळचा खण ओढला, तसा मागून एक पिवळा कागद वर आला.

“यामिनी, तुझाही फॉर्म सापडला गं! बघू, वय किती लपवलंयस!”

यामिनी (हे तिचं खरं नाव नाही) विद्यापीठात संशोधन करते. ती मदतीला आली होती. काका मोठ्याने वाचू लागले, “पत्ता... जन्मतारीख... रक्ततपासणी...” आणि थांबले.

“अहो, दुसऱ्याचं काय वाचताय? द्या तिला!” सुलभाकाकू ओरडल्या.

यामिनीने कागद हिसकावला. “काका, तीन वर्षं झाली त्याला. ट्रीटमेंट घेतली, बरी झाले मी. प्लीज, मंडळात कुणाला...”

“वेडी का तू? मी काही वाचलंच नाही,” काका म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना.

ते पहिलं पान होतं. दुसऱ्या पानावर तिने कुलुपाच्या भरवशावर सांगितलेली तीन नावं आहेत. ती मी तुम्हालाही सांगणार नाही.

काका भला माणूस. पोरीला मी पुन्हा दिसू नये, म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं. त्याआधी सगळे खण तपासले. तळचा अर्धाच उघडला.

मित्रांनो, कुणी विश्वासाने काही सांभाळायला दिलं, तर ते शेवटच्या पानापर्यंत सांभाळा. टाकून देण्याआधी तळापर्यंत हात घाला. माझं कुलूप अजून शाबूत आहे. किल्ली कुठे आहे, मला ठाऊक नाही.

सव्वासात. एका अनोळखी माणसाने मला पिकअप ट्रकमध्ये आडवं टाकलं. ट्रक सुटला, तेव्हा यामिनीची गाडी दारात थांबत होती. ती उतरली. हातात स्क्रूड्रायव्हर होता.

“काका, कपाट कुठाय? दुसरं पान त्यातच राहिलंय!”

काका अनवाणी रस्त्यावर धावत आले. ट्रक डावीकडे वळला. त्याचा नंबर कुणीही टिपलेला नाही.