आपल्यातला

मिलिंदच्या हातात चेंडू यायचा तेव्हा आवाज असा फारसा व्हायचाच नाही. इतरांच्या हातांवर तो थाडकन आदळायचा, छातीवरून उडायचा, बोटांतून निसटून गवतात लोळायचा. मिलिंदकडे गेला की ओल्या मातीवर चिंच पडावी तसा दबका 'थप्' ऐकू यायचा, बस्स. ऑगस्टमधल्या, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या दमट सकाळी, सातलाच सदरा पाठीला चिकटलेला, गवत दवाने जड झालेलं, आणि त्या तिरप्या, कोवळ्या प्रकाशात लांबच लांब सावली घेऊन धावणारा हा सडपातळ माणूस. त्याची आठवण आली की मला आधी तो आवाज ऐकू येतो आणि मग तो दिसतो.

आम्ही दर रविवारी बागेमागच्या मैदानावर फ्लॅग फुटबॉल खेळायचो. अमेरिकन फुटबॉलचंच हे सौम्य, मध्यमवयीन रूप: कुणी कुणाला आडवं पाडायचं नाही, कमरेला लोंबणारं फडकं ओढलं की गडी बाद. मी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. मिलिंद रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत जाऊन तो झेलणारा. मी पुण्याचा, तो यवतमाळचा. दोघंही इंजिनिअर, चाळिशी ओलांडलेले, गुडघ्यांना पट्टे बांधून मैदानात उतरणारे. समोरच्या अमेरिकनांना कळू नये म्हणून आमच्या चालींना मराठी नावं होती. 'काटकोन' म्हटलं की त्याने सरळ धावून एकदम बाजूला वळायचं; 'चकली' म्हटलं की गर्रकन फिरून माझ्याकडे तोंड करायचं. ते बिचारे 'चकली, चकली' घोकायचे आणि तरी दर वेळी फसायचे.

या खेळातली खरी गंमत, आणि जोखीमही, अशी की रिसीव्हर वळल्यावर चेंडू फेकून चालत नाही. तोवर उशीर झालेला असतो. तो पाठमोरा धावत असतानाच, जिथे अजून कुणीच नाही अशा रिकाम्या जागी तो फेकावा लागतो. मी फेकायचो ते तो तिथे पोचेल या भरवशावर. तो धावायचा ते मान वळवताच चेंडू समोर असेल या भरवशावर. पाठमोऱ्या माणसाच्या अंगी इतका निःशंक विश्वास मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. चेंडू खाली पडला तर चूक कुणाची, हे बघणाऱ्यांना कळायचं नाही. ते आम्हा दोघांनाच ठाऊक असायचं.

मिलिंद बोलायचा कमी, हसायचा आवाज न करता, खांदे हलवत. पण स्वतःबद्दल बोलताना त्याला कधी अवघडल्यासारखं झालं नाही. बुद्धपौर्णिमेला आम्हा सगळ्यांना घरी बोलवायचा, स्वतःच्या हातची खीर वाढायचा, आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसाची गोष्ट त्यांनीच सांगितल्यासारखी रंगवून सांगायचा. मी ती खीर दोनदा मागून घेतलेली आहे. म्हणूनच पुढे जे केलं त्याला माझ्याकडे कसलीही सबब नाही.

त्या ऑगस्टमध्ये डॉक्टरकाका आमचा खेळ बघायला आले. चाळीस वर्षांपूर्वी ह्यूस्टनला आलेले, आता निवृत्त, घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन कडेला बसलेले. मिलिंदचा एक झेल बघून खूश झाले आणि त्यांनी त्याला जवळ बोलावून नाव विचारलं. त्याने आडनावासकट सांगितलं. गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लागणारं आडनाव. त्यावरून काही अंदाज बांधता येईना.

"कर म्हणजे... कोण आपण?" काकांनी विचारलं.

मिलिंदने तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात मीच म्हणालो, "अहो काका, आपल्यातलाच आहे तो."

'आपल्यातला' या शब्दाचा अर्थ आम्हा तिघांनाही पक्का ठाऊक होता. काका समाधानाने मान हलवून चहाकडे वळले. मिलिंद खाली बसला, बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. पुढच्याच डावात मी 'चकली' पुकारली, नेहमीसारखा चेंडू आधीच सोडला. पण तो दोन पावलं अलीकडेच थांबून मागे बघत होता. चेंडू रिकाम्या गवतात पडला.

खेळ संपल्यावर बूट बदलताना तो शांतपणे म्हणाला, "मी कधी लपवलंय का यार? मग तू का लपवलंस?"

"अरे, काका जुन्या वळणाचे. उगाच ऑकवर्ड झालं असतं."

"कुणाला?"

"मी सांगतो काकांना. करेक्ट करतो," एवढं पुटपुटून मी गाडीकडे सटकलो.

आणि सांगितलं नाही. काका दर रविवारी यायचे, मी दर रविवारी ठरवायचो. आज त्यांचे पाहुणे आहेत, आज त्यांची कंबर धरली आहे, आज विषयच निघाला नाही. सप्टेंबरचा उकाडा गेला, जानेवारीत गवत पिवळं पडलं, पुन्हा हिरवं झालं. मिलिंद येत राहिला, झेलत राहिला, हसत राहिला, मात्र वळण्याआधी बघायची त्याची नवी सवय गेली नाही. एप्रिलमध्ये दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला नोकरी मिळाली आणि तो गेला. निघताना त्याने मला मिठी मारली, तीही मी हावऱ्यासारखी घेतली.

तो गेल्यावर, आता धोका उरला नव्हता तेव्हा, मी एका सकाळी काकांच्या खुर्चीशेजारी बसून सगळं सांगितलं. काकांनी थर्मासचं झाकण लावलं.

"मला ते त्याच दिवशी कळलं," ते म्हणाले. "तू गाडीकडे गेलास आणि तो परत आला. म्हणाला, काका, मी बौद्ध आहे. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विचारायलाच नको होतं. मी म्हटलं, मग हा असं का बोलला? तर म्हणाला, त्याचं लक्ष खेळात होतं, तुमचा प्रश्न त्याला नीट कळला नसेल."

आठ महिने मी एक वाक्य बोलायचं टाळत होतो आणि ते बोलून झालेलं होतं. वर माझी अब्रूही राखली गेली होती. मिलिंदला काकांना काहीच सांगायचं उरलं नव्हतं, त्याला फक्त मी कधी सांगतो ते बघायचं होतं. दूर गेलेल्या माणसाचा चेहरा काळाबरोबर पुसट होतो म्हणतात. माझ्या आठवणीत मात्र त्याचा प्रत्येक रविवारचा चेहरा आता लख्ख दिसतो, आणि त्या प्रत्येक चेहऱ्यावर तो माझी वाट बघतो आहे.