दोन गाण्यांच्या मधातलं

गोकुळाबाई गोंडपिपरीकडच्या गावातून सकाळच्या एसटीनं चंद्रपूरले आली, ती फक्त मायचा आवाज ऐकाले. माय, सोमारी, ती सात वर्षांची असतानाच वारली. घरी एक फोटो नाई. पण त्याच्या आदल्या वर्षी आमच्या सुरेंद्र सरांनी तिच्या गावात जाऊन धानाच्या रोवणीचे गाणे टेप केले होते, अन् ते आता कॉम्प्युटरमध्ये आले, असं कोणीतरी तिले सांगितलं.

ते टाकणारी मीच. एम.ए.च्या सुट्टीतली दोन महिन्यांची इंटर्नशिप, साल दोन हजार सात. लोकगाणे जमवणाऱ्या आमच्या केंद्राचं नाव हे एवढं लांब, अन् आत दोन खोल्या, एक कॉम्प्युटर. दोनशे चौदा कॅसेटी. कॅसेट लावायची, पूर्ण ऐकायची, गाणं तेवढं ठेवायचं. बोलणं, खोकला, कोंबडे, पोरांचा कलकलाट कापून टाकायचा. वीज आमच्याच जिल्ह्यात बनते अन् पंखा आमचाच बंद. लाइट गेली का सकाळपासूनचं काम पाण्यात. सातव्या आठवड्यात मले गाणे ऐकूच येत नव्हते. जीव नुसता विटून गेला होता.

मी तिच्या कानाले हेडफोन लावून दिले. चार गाणे होते, चारही तिनं मान खाली घालून ऐकले. मग विचारलं, एवढंच का. मी म्हटलं, एवढंच.

"गाण्यात तं साऱ्याजणी आहेत," ती म्हणाली. "माय कोणती, समजून नाई राह्यलं. दुसरं गाणं झाल्यावर ते एकटी बोलली होती. मले झापलं होतं. तेवढं लावा."

तिनं सांगितलं, सरांच्या टेपच्या लाल बटनाले ती घडीघडी हात लावत होती, गाणं संपल्यावर मायनं रागावलं, साऱ्या बाया हासल्या. तिच्याजवळ मायचं तेवढंच उरलं होतं.

ते मीच कापलं होतं, मागच्या आठवड्यात. तिसऱ्यांदा ऐकून कापलं, कारण शब्द संपायच्या आतच पुढचं गाणं सुरू होत होतं, कापायची जागा सापडत नव्हती. कॅसेट बुरशीनं खाल्लेली, कॉम्प्युटरमध्ये घेताना एकदा वाजली अन् तुटली. पूर्ण फाइल वेगळी ठेवायची होती. पण डिस्क भरली होती, मी थकली होती, अन् हे बोलणं कोण ऐकणार आहे म्हणून मी ती पुसून टाकली.

मी बाजूच्या खोलीत जाऊन सरांले हे सांगितलं, तं ते हळूच म्हणाले, टेपमध्ये गाणेच होते म्हणून सांगून दे, उगाच तिच्या जिवाले घोर नको. माह्याही तोंडात तेच आलं होतं. मी परत आली तं गोकुळाबाई हेडफोन घालून, डोळे मिटून वाट पाहत बसली होती. सांगाले मलेच ते तिच्या कानावरून काढा लागले.

"बाई, ते होतं. माह्या हातानं पुसल्या गेलं."

तिनं शिव्या घातल्या असत्या तं बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, काय म्हणे माय. ते मले पाठ होतं.

"गोकुळे, हात नोको लावू वं. इकडं ये, माह्यापाशी बस."

"पाशी बस म्हणे?"

"हो."

ते तिले आठवत नव्हतं. तिले राग तेवढा आठवत होता, इतके वर्षं. तिनं पदरानं तोंड पुसलं अन् खुर्ची माह्याकडं सरकवली.

"अजून एकडाव म्हणा," ती म्हणाली.

माहा आवाज कॉलेजातल्या पोरीचा, सोमारीसारखा जराही नाई. तरी मी म्हटलं. दुपारच्या एसटीची वेळ होईपर्यंत ती म्हणवत राह्यली अन् मी म्हणत राह्यली.